खोकता आलं पाहिजे, मग ब्लॉक कुठलाही असो

प्रश्न : माझे मिस्टर ५८ वर्षांचे आहेत. उजव्या फुफ्फुसात गाठ निघाली असून फुफ्फुसाचा वरचा भाग काढायचं ठरलंय. ऑपरेशन दुर्बिणीतून करू, पण आत गेल्यावर गरज वाटली तर छाती उघडावी लागेल, असं सर्जननी सांगितलं. तपासायला आलेले भूलतज्ज्ञ म्हणाले, नंतर दुखू नये म्हणून पाठीतून ‘ब्लॉक’ देऊ, आणि संमतीच्या कागदावर सही मागितली. ह्यांनी ऐकताक्षणी मान हलवली. “पाठीत सुई नको. पाय लुळे पडले तर? दुखेल ते सोसेन,” म्हणतात. दीर म्हणतात, मॉर्फिन असतं, तेवढं पुरे. जाऊबाईंना बाळंतपणात पाठीत इंजेक्शन दिलं होतं, तेव्हापासून कंबर धरलीये, हे त्या येता-जाता ऐकवतात. त्यात दोन वर्षांपूर्वी ह्यांना हृदयात स्टेंट बसवलाय आणि क्लोपिडोग्रेल व ॲस्पिरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. सही करू की नको? कोणाचं ऐकावं तेच कळेनासं झालंय.

उत्तर : ताई, सही करा. त्याआधी भूलतज्ज्ञांना काय विचारायचं ते पुढे सांगते. मी स्वतः भूल देणारी डॉक्टर, त्यामुळे ‘ही सुईचीच बाजू घेणार’ असं मिस्टर म्हणतील. म्हणू देत. मला मात्र त्यांच्या सुईच्या भीतीपेक्षा त्यांच्या ‘सोसेन’ची जास्त धास्ती वाटते.

हात मोडला तर तो गळ्यात अडकवून स्वस्थ बसता येतं. छातीला ती सोय नाही. श्वास घ्यावाच लागतो, मिनिटाला बारा-पंधरा वेळा, म्हणजे दिवसाला वीस हजारांच्या आसपास, आणि दर श्वासाला बरगड्या हलतात. दुखायला लागलं की माणूस नकळत श्वास आखडता घेतो. मग फुफ्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही, कफ तिथेच साचतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप येतो आणि न्यूमोनियाचं निमित्त होतं. मिस्टरांच्या फुफ्फुसाचा एक भाग काढणार आहेत. उरलेल्या भागाने फुलून ती जागा भरायची आहे. तेव्हा ऑपरेशननंतरचे चार दिवस दुखणं आटोक्यात ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे, लाड नव्हेत.

सोसणारा पेशंट वॉर्डात फार गुणी वाटतो. तक्रार नाही, कुरकुर नाही. जवळ जाऊन पाहिलं की वेगळंच दिसतं. खांदा एका बाजूला झुकलेला, कोपर बरगड्यांशी घट्ट आवळून धरलेलं, श्वास गळ्यापाशीच आत-बाहेर. ‘जरा खोका’ म्हटलं की घशातल्या घशात ‘ख्खं’ करून थांबतो. ‘दुखतंय का?’ विचारलं की म्हणतो, ‘नाही हो, बरं आहे.’ हा माणूस मला आरडाओरडा करणाऱ्या पेशंटपेक्षा जास्त घाबरवतो.

आता हे दुखणं येतं कुठून ते पाहू. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला पन्हळीसारखी खाच असते आणि तिच्यातून शीर आणि धमनी या रक्तवाहिन्या आणि नस, म्हणजे संवेदना नेणारा मज्जातंतू, अशा तिघी एकीखाली एक जातात. नस सगळ्यांत खाली, त्यामुळे तिला धक्का लागायला वेळ लागत नाही. छाती उघडताना दोन बरगड्या यंत्राने फाकवतात तेव्हा ती ताणली जाते, चिरडलीही जाते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बरगड्या फाकवत नाहीत हे खरं, पण नळ्या घालायच्या त्या दोन बरगड्यांमधूनच. शिवाय शेवटी हवा आणि रक्त बाहेर यावं म्हणून छातीत जाड नळी ठेवतात. ती पुढचे काही दिवस आत घासत राहते. म्हणून ‘दुर्बिणीतून आहे, दुखणार नाही’ असं कोणी म्हणालं तर ते अर्धंच खरं माना.

या नसा मणक्याच्या बाजूने निघून बरगडीखालून पुढे छातीपर्यंत येतात. वाटेत कुठेतरी त्यांच्याभोवती बुपिवाकेन किंवा रोपिवाकेनसारखं बधिर करणारं औषध सोडलं की दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. ब्लॉक तो एवढाच. पूर्ण भूल असणारच आहे, मिस्टर झोपलेलेच असतील. ब्लॉक त्या भुलेच्या जोडीला, आणि त्याचा खरा उपयोग जाग आल्यावर.

औषध कुठे सोडायचं यात पर्याय आहेत आणि तुमची भूलतज्ज्ञांशी खरी चर्चा इथेच व्हायला हवी.

बरीच वर्षं पहिला मान एपिड्युरलचा होता. मणक्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवायची आणि तिच्यातून औषध चालू ठेवायचं. छाती उघडलेल्या पेशंटला याने छान आराम पडतो. पण ते दोन्ही बाजू बधिर करतं, रक्तदाब खाली आणतं, लघवी अडते, मॉर्फिनसारखं अफूवर्गीय औषध मिसळलेलं असलं तर अंगाला खाजही सुटते. एका बाजूच्या ऑपरेशनसाठी दोन्ही बाजू कशाला बधिर करायच्या, हा प्रश्न रास्तच आहे.

त्याचं उत्तर पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक. मणक्याच्या अगदी शेजारी, नसा बाहेर पडतात त्या पाचरीसारख्या जागेत औषध द्यायचं, फक्त ऑपरेशनच्या बाजूला. ही युक्ती नवी नाही. ह्युगो सेलहाइम या जर्मन डॉक्टरांनी ती १९०५ साली वापरली होती. मधे ती बरीचशी विस्मरणात गेली आणि १९७९ नंतर पुन्हा वापरात आली. छाती उघडून केलेल्या ऑपरेशनांवरचे अभ्यास एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये जो आढावा काढला, त्यात वेदना कमी करण्यात हा ब्लॉक एपिड्युरलच्या तोडीस तोड ठरला आणि रक्तदाब उतरणं, मळमळ, खाज, लघवी अडणं हे त्रास त्यात कमी दिसले. सर्जन हा ब्लॉक छाती बंद करण्याआधी आतून, डोळ्यांनी पाहत देऊ शकतात, नळीही ठेवू शकतात. ही सोय मला फार मोलाची वाटते.

तिसरा प्रकार इरेक्टर स्पायनी ब्लॉक, २०१६ मध्ये कॅनडात मॉरिसिओ फोरेरो आणि सहकाऱ्यांनी मांडलेला. बहुधा तुमच्या भूलतज्ज्ञांच्या मनात हाच असावा, कारण दुर्बिणीच्या ऑपरेशनांसाठी तो हल्ली फार दिला जातो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना उभे स्नायू असतात. सोनोग्राफीत ते करड्या पट्ट्यांसारखे दिसतात आणि त्यांच्याखाली मणक्याच्या आडव्या हाडाचं टोक पांढरं चमकतं. सुई त्या हाडाला टेकवायची आणि औषध सोडायचं. स्नायू हाडापासून अलगद वर उचलला जातो आणि मधे काळी फट लांबत जाते. ती फट दिसली की आमचा जीव भांड्यात पडतो. सुई हाडाशीच थांबते. फुफ्फुस पुढे, मज्जारज्जू आत, दोन्ही लांब. या ब्लॉकची खोड अशी की औषध पुढे नसांपर्यंत किती पोचेल हे माणसागणिक बदलतं. कोणाला उत्तम लागू पडतो, कोणाला निम्माच.

छातीच्या कुशीत, काखेखाली दिला जाणारा सेराटस ब्लॉकही आहे. रफाएल ब्लांको यांनी तो २०१३ मध्ये मांडला. पाठीला हात न लावता काम होतं हा त्याचा फायदा, पण मागच्या बाजूचं दुखणं त्यात फारसं येत नाही.

माझं मत विचाराल, तर दुर्बिणीतून होणार असेल तर पॅराव्हर्टिब्रल किंवा इरेक्टर स्पायनी, दोन्ही चांगले. छाती उघडावी लागली तर एकदाच दिलेलं इंजेक्शन अपुरं पडेल. तेव्हा नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध चालू ठेवणं मला जास्त पटतं. म्हणून भूलतज्ज्ञांना पहिला प्रश्न हा करा : “दुर्बिणीचं ऑपरेशन मोठं झालं, तर दुखण्यासाठी काय ठरवलंय?” चांगल्या टीमकडे याचं उत्तर तयार असतं.

आता मिस्टरांच्या पायांबद्दल. पायांना हुकूम देणाऱ्या नसा कमरेच्या भागातून निघतात. पॅराव्हर्टिब्रल किंवा इरेक्टर स्पायनी ब्लॉक छातीच्या उंचीवर, एका बाजूला आणि मज्जारज्जूच्या बाहेर दिला जातो. त्याने पाय लुळे पडण्याची भीती बाळगावी असं काही नाही. त्या बाजूच्या छातीचा पट्टा काही तास बधिर वाटेल. कधी कधी त्याच बाजूची पापणी जड होते, बाहुली बारीक दिसते. ते पाहून घाबरू नका, नर्सला सांगा. औषध उतरलं की तेही जातं. एपिड्युरलमध्ये मात्र मणक्याच्या आत रक्त साकळून मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका असतो. हे मी लपवणार नाही. किती? ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत, ऑपरेशनसाठी दिलेल्या एपिड्युरलमुळे कायमची इजा होण्याचं प्रमाण ५,८०० ते १२,२०० जणांत एक असं निघालं. फार कमी, पण शून्य नाही. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी ते वाढतं.

इथे क्लोपिडोग्रेलचा मुद्दा येतो, तुमच्या पत्रातला सगळ्यांत महत्त्वाचा. एपिड्युरल द्यायचं तर ही गोळी पाच ते सात दिवस आधी थांबलेली असावी लागते. पॅराव्हर्टिब्रललाही आम्ही जवळपास तोच नियम लावतो, कारण ती जागा खोल असते आणि रक्त आलं तर बाहेरून दाबून धरता येत नाही. इरेक्टर स्पायनी आणि सेराटस त्या मानाने वरवरचे, त्यामुळे तिथे थोडी मोकळीक मिळते. ॲस्पिरिन सहसा आड येत नाही. पण ताई, गोळी आपल्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. स्टेंट बसवलेला आहे, गोळी अचानक थांबवून त्यात गुठळी झाली तर दुखण्याची काळजी बाजूलाच राहील. हृदयाचे डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ या तिघांचं बोलणं होऊन कुठली गोळी कोणत्या तारखेपासून थांबवायची हे ठरू दे, आणि ते कागदावर लिहून घ्या. तोंडी निरोप तीन डॉक्टरांत फिरला की कुठेतरी गळतोच. भूलतज्ज्ञांना ही गोळी माहीत आहे असं गृहीतही धरू नका. “क्लोपिडोग्रेल चालू आहे, मग कुठला ब्लॉक?” असं स्वतः विचारा.

जाऊबाईंच्या कमरेचं थोडक्यात. बाळंतपणानंतर कंबरदुखी पाठीत इंजेक्शन न घेतलेल्या बायकांनाही होते, आणि त्याला गरोदरपणात ढिले झालेले सांधे, बाळाला घेऊन वाकणं अशी बरीच कारणं असतात. सुई टोचली तिथे चार-आठ दिवस दुखू शकतं, एवढं खरं. जाऊबाईंना हे पटवायच्या भानगडीत मात्र पडू नका.

दीरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. मॉर्फिन लागतंच, पण मदतीला. दुखण्याचा सगळा भार त्याच्यावर टाकला तर डोस वाढतो, पेशंट गुंगीत राहतो, मळमळतं, पोट साफ होत नाही आणि श्वास मंदावतो. ज्या माणसाला खोल श्वास घ्यायला लावायचंय त्यालाच श्वास मंदावणारं औषध भरपूर द्यायचं, यात काय शहाणपण? ब्लॉक असला की मॉर्फिन कमी लागतं. जोडीला पॅरासिटामॉल, तेही वेळेवर, दुखो न दुखो. सूज उतरवणारी वेदनाशामकं द्यायची की नाही हे किडनी आणि रक्तस्रावाचा धोका बघून ठरतं. स्टेंटच्या पेशंटला ती जपूनच देतात, तेव्हा बाहेरून आणून देऊ नका. आणि ‘मॉर्फिनची सवय लागेल’ ही दुसऱ्या टोकाची भीतीही नको. ऑपरेशननंतर काही दिवस, देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही.

ब्लॉकचे स्वतःचे धोके सांगायलाच हवेत. फुफ्फुसाला सुई लागणं हा एक. सोनोग्राफी आल्यापासून तो कमी झालाय, आणि या ऑपरेशनमध्ये छातीत नळी असतेच. औषध चुकून रक्तात जास्त गेलं तर तोंडात धातूसारखी चव येते, ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण. पुढे झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून वजनावरून डोस मोजतात आणि उतारा म्हणून स्निग्ध द्रावणाचं इंजेक्शन जवळ ठेवतात. नळीतून औषध चालू असताना मिस्टर ‘तोंडाला कसंतरीच लागतंय’ म्हणाले, तर ती तक्रार लगेच नर्सच्या कानावर घाला.

आता ज्याबद्दल फारसं कोणी आधी बोलत नाही ते. ब्लॉक उतरतो. एकदाच दिलेलं इंजेक्शन साधारण आठ-बारा तास पुरतं, काही औषधं मिसळली तर अजून थोडं. हिशेब करा : दुपारी बाराला दिलेला ब्लॉक रात्री आठ ते मध्यरात्रीच्या दरम्यान उतरतो. तेव्हा वॉर्डात दिवे मंद, ड्यूटीवर माणसं कमी, आणि दिवसभर ‘काहीच दुखत नाही’ म्हणणारा पेशंट एकदम कळवळून उठतो. घरच्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, पण ती रात्र टाळता येते. भूलतज्ज्ञांना दुसरा प्रश्न हा विचारा : “ब्लॉक किती वाजेपर्यंत चालेल, त्याआधी काय देणार, आणि रात्री दुखलं तर कोणाला बोलवायचं?” ब्लॉक उतरायच्या आधीच पुढचा डोस पोटात किंवा सलाइनमधून गेलेला असला पाहिजे.

काही जागा ब्लॉकच्या हिशेबात बसतच नाहीत. ऑपरेशनच्या बाजूचा खांदा दुखतो, कधी कधी जखमेपेक्षा जास्त. खांद्याला काहीच केलेलं नसतं. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याची नस मानेतून येते आणि तिथली चीड मेंदूला खांद्यात जाणवते. छातीचा ब्लॉक तिथवर पोचत नाही. म्हणून खांदा दुखला की ब्लॉक फसला असं समजू नका, त्यासाठी वेगळी औषधं मागा. छातीतल्या जाड नळीची जागाही कधी बधिर पट्ट्याच्या खाली राहून जाते. आणि हो, ब्लॉक कधी कधी खरोखरच फसतो. तसं वाटलं तर भूलतज्ज्ञ बर्फाचा तुकडा छातीवरून खाली फिरवून ‘इथे गार लागतंय का, इथे?’ असं विचारत बधिर पट्टा कुठून कुठपर्यंत आहे ते बघतात. पट्टा नीट नसेल तर ब्लॉकच्या नळीतून औषध वाढवता येतं, ब्लॉक पुन्हा देता येतो. पण सांगितलं तर.

आणि सांगायचं काय, हे मिस्टरांना आधीच शिकवून ठेवा. नर्स विचारतील, ‘शून्य ते दहा, किती दुखतंय?’ पडल्या पडल्या दिलेल्या आकड्यात मला रस नाही. उशी छातीशी धरायची, खोल श्वास घ्यायचा, जोरात खोकायचं आणि मग आकडा सांगायचा. पडून दोन आणि खोकताना आठ असेल, तर ‘दोन’ सांगून कोणाचंच भलं होत नाही. दुखणं शून्यावर यावं अशी अपेक्षा ठेवू नका. ओढ बसेल, ठणकेल, पण उशी धरून कफ सुटेल इतकं खोकता आलं, आधाराने उठून चार पावलं टाकता आली, की ब्लॉकने काम केलं. ते जमत नसेल तर सगळी औषधं चालू असली तरी दुखणं अजून आटोक्यात नाही.

व्यायामाचं ते तीन चेंडूंचं यंत्र ऑपरेशनच्या आधीच हातात द्या. निम्मी माणसं त्यात फुंकतात. ते फुंकायचं नसतं, ओठ घट्ट लावून आत ओढायचं असतं, सावकाश. चेंडू वर गेले की क्षणभर धरून ठेवायचे. आधी घरी सवय झाली की नंतर शिकवायला नको. आणि ब्लॉकचा जोर असतो तीच हे करून घ्यायची वेळ. बरं वाटतंय म्हणून झोपून राहिले तर ब्लॉक फुकट गेला.

शेवटचं, घरी गेल्यानंतरचं. छातीच्या ऑपरेशननंतर, विशेषतः ती उघडलेली असली तर, तीन महिने उलटले तरी थोडंफार दुखत राहणारे बरेच जण असतात. बहुतेकांचं सौम्य असतं. सुरुवातीचं दुखणं जितकं आवरलं जातं तितकी ही शक्यता कमी होते, असं बरेच अभ्यास दाखवतात आणि ब्लॉकचा याला हातभार लागतो. पूर्ण हमी तो देत नाही. जखमेच्या रेषेत थोडा बधिरपणा महिनोन्‌महिने राहू शकतो. तो नस दुखावल्याचा असतो, सुईचा नव्हे. मात्र आग होणं, विजेचा झटका बसल्यासारखी कळ येणं, बनियनचा स्पर्शही सहन न होणं, असं काही दिसलं तर ‘मोठं ऑपरेशन झालंय, दुखणारच’ म्हणून साध्या वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढू नका. त्याला नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं लागतात आणि ती लवकर सुरू केलेली बरी. सर्जनना दाखवा, त्यांच्याकडून पेन क्लिनिकची चिठ्ठी घ्या. मिस्टर आपणहून सांगणार नाहीत असं तुमच्या पत्रावरून दिसतंय, तेव्हा तपासणीच्या दिवशी बरोबर जा आणि तुम्हीच सांगा.